सुपडू आबांचं सुटलेलं घर

सुपडू आबांना विकता येत नव्हतं. हे मी त्यांच्या तोंडावर इतक्यांदा सांगितलं आहे की आता ते नसताना सांगताना मागून बोलल्यासारखं वाटत नाही. पारोळ्याच्या आमच्या वाचनालयाच्या पायऱ्यांवर ते आठवडे बाजाराच्या दिवशी बसायचे. मी त्या वाचनालयाची ग्रंथपाल. म्हणजे कुलूप उघडणारी, पुस्तकं देणारी, बंद पडलेल्या पंख्यासाठी वायरमनच्या मागे लागणारी आणि पायऱ्यांवर कुणी बसायचं ते ठरवणारी, सगळी मीच. पहिल्या दिवशी कानावर पेन्सिल खोचलेला, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक म्हातारा आला आणि म्हणाला, "ताई, आठे सतरंजी टाकू का? रस्ता अडाव नही." मी म्हटलं, टाका. वाटलं, दोन-चार बाजार बसतील आणि कंटाळतील. ते कित्येक वर्षं बसले.

सतरंजीवर दोन गोष्टी असायच्या. एक म्हणजे त्यांनी घडवलेल्या रेहली. रेहल म्हणजे पोथी किंवा कुराण ठेवायचा घडीचा लाकडी स्टँड. आबा तो एकाच सागवानी फळीतून काढायचे. ना खिळा, ना सरेस, ना बिजागरी. मिटला की साधी फळी, उघडला की समोर पुस्तक मांडायला तयार. आणि दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी लिहिलेलं पुस्तक, 'पाण्याखालच्या गल्ल्या'.

आबांचं गाव त्यांच्या तरुणपणी धरणात गेलं. काही लोक धुळ्याला गेले, काही सुरतेकडे, बाकीचे सरकारनं वसवलेल्या नव्या गावात. आबा तेव्हा नुकतेच पारोळ्याच्या शाळेत क्राफ्टचे सर म्हणून लागले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ते बुडालेलं गाव लिहून काढलं. त्यात कथा नाही, नायक नाही. गल्लीमागून गल्ली, घरामागून घर. कुणाच्या दारात कशाचं झाड होतं, कोण पहाटे कसं खोकायचं, कुणाची म्हैस कुणाच्या अंगणात शिरायची आणि त्यावरून कोणत्या दोन घरांचं बोलणं बंद होतं. धुळ्याच्या एका छापखान्यात स्वतःच्या खर्चानं छापलं. दुकानदार ठेवून घेईनात, तेव्हा गठ्ठे घरी आणले आणि स्वतःच विकायला बसले.

बसले म्हणजे काय, तर गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की आबा दुसरीकडे बघायचे. कुणी पुस्तक उचललं, चाळलं, की हे कांद्याच्या गाडीकडे तोंड करून बसणार. "कुणाचं आहे हो हे पुस्तक?" असं विचारलं की म्हणायचे, "शे एक जन, इकडलाच." मी आत खिडकीशी बसून चरफडायची. गिऱ्हाईक गेलं की बाहेर येऊन म्हणायची, "आबा, तुमचं आहे म्हणून सांगायला काय जीभ झडते?"

"सांगं म्हंजे फुकट मांगतस, ताई."

ते काही खोटं नव्हतं. लेखकानं पुस्तक द्यायचं असतं, विकायचं नसतं, असा आमच्याकडचा समज. विकणारा दुसरा कुणी असला तर लोक पैसे देतील. लेखक स्वतः बसला की त्यांना त्याच्या हस्ताक्षरात 'सप्रेम भेट' हवं असतं, आणि पैसे मागितले तर लेखकच हलका ठरतो. एकदा एक निवृत्त मुख्याध्यापक आले. आबांना शाळेत असताना त्यांनी कधी खुर्ची दिली नव्हती. "अरे वा, लेखक खुद्द! मग आमची भेट प्रत?" आबांनी खिशातून पेन काढून सुरेख अक्षरात त्यांचं नाव लिहून दिलं. तासाभरानं रसवंतीवाला ती प्रत घेऊन आला. साहेब बाकावर विसरून गेले होते. पहिल्या पानावर नाव असल्यामुळे ती पुन्हा विकताही येईना. आबांनी ती घरी नेली आणि त्यावर एक शब्द बोलले नाहीत. मला त्यांच्या या न बोलण्याचा फार राग यायचा.

पुस्तक लोकांच्या नजरेत भरावं म्हणून त्यांनी ते एका रेहलीवर उघडून मांडायला सुरुवात केली. ही युक्ती माझीच. एक गृहस्थ थांबले, वाकले, म्हणाले, "हे केवढ्याला?" आबांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. किंमत सांगितली. गृहस्थ म्हणाले, "पुस्तक नाही हो, त्याच्या खालचं. पुस्तक जरा बाजूला करा ना, नीट बघू द्या." त्यानंतर दर बाजारी तेच. रेहली जायच्या, पुस्तकं राहायची. आबा संध्याकाळी रेहलींची रिकामी पिशवी आणि पुस्तकांची भरलेली पिशवी घेऊन घरी जायचे, आणि भरलेली पिशवी नेहमी उजव्या हातात असायची.

रेहलीसुद्धा सुखासुखी जायच्या नाहीत. एक बाई पोथीसाठी बघत होत्या. हात फिरवला, आवडली. "याला म्हणतात काय?" आबा म्हणाले, "रेहल." बाईंचा हात मागे आला. "म्हणजे त्यांची का?" मी खिडकीतून ओरडले, "पोथीस्टँड आहे हो, पोथीस्टँड!" पण त्या गेल्या त्या गेल्याच. मी बाहेर येऊन आबांना झाडलं. नाव बदला, काय बिघडतं?

आबा फळीवरचा भुसा फुंकत म्हणाले, "कासम चाचानी माले रेहल म्हनीसन शिकाडी. मी तिनं नाव बदलाई टाकू?"

कासम चाचा म्हणजे त्यांच्या बुडालेल्या गावातले खरादी. लाकूड फिरवून पाळण्याचे खांब, पोळपाट-लाटणी करणारे कारागीर. आबा लहानपणापासून शाळा सुटली की त्यांच्या दुकानापुढच्या ओट्यावर जाऊन बसायचे. हातातलं सगळं कसब तिथलं. असा एक बाजार गेला नसेल की कासम चाचांचं नाव निघालं नाही. चाचा फळी आधी उलटी करून मागची बाजू बघायचे, मग पुढची. आबांनाही तीच खोड लागली होती. चहाची कपबशी दिली तरी आधी बशी उलटी करून बघणार. चाचांच्या चष्म्याची काडी तुटली होती आणि तिथं सूत गुंडाळलेलं होतं, त्यांना दमा होता, गुळाचा चहा लागायचा, कापात केसाइतकी चूक झाली की फळी सरळ चुलीत घालायचे, हे मला एखाद्या नातेवाइकाबद्दल माहीत असावं तसं माहीत होतं. आबांचं पुस्तकही मी दोनदा वाचलं होतं. मलाही काही खटकलं नव्हतं.

नव्या गावात पुस्तक विकायला आबा मोठ्या उमेदीनं गेले. त्यांचं म्हणणं, दुसऱ्या कुणी घेवो न घेवो, ज्यांचं गाव आहे ते तर घेतीलच. मारुतीच्या पाराशी सतरंजी टाकली. सगळं गाव गोळा झालं. प्रत्येकानं प्रत उचलली, आपली गल्ली शोधली, आपलं घर शोधलं, उभ्याउभ्या तेवढं वाचलं. कुणी हसलं, कुणी आजीचं नाव बघून डोळे पुसले, आणि प्रत परत सतरंजीवर ठेवून दिली. आबांचा लहानपणचा मित्र भटू म्हणाला, "सुपडू, आमनं गाव, आमनंच नाव, आन इकत बी आम्हीच लेवानं?" लोक खो खो हसले.

संध्याकाळी दोन्ही पिशव्या जशाच्या तशा घेऊन आबा परतले, पण स्वारी खुशीत. मला म्हणाले, "बठ्ठास्नी वाचं, ताई. घर ना घर वाचायनं." मी म्हटलं, "आबा, प्रत्येकानं आपापलं घर वाचलं. शेजाऱ्याचं कुणी वाचलं नाही."  हळूहळू पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथल्या काही घरांनी प्रती घेतल्या, मुलीच्या लग्नात द्यायला, मुंबईच्या भावाला पाठवायला. तेवढ्यावर आबांचं समाधान होतं.

मग धुळ्याचं प्रदर्शन आलं. पुस्तकं आणि हस्तकला असं एकत्र प्रदर्शन होतं. वाचनालयातर्फे मी गेले होते, आबांना शेजारी जागा मिळवून दिली होती. एका बाजूला पापड-लोणच्यांचे बचतगट, दुसऱ्या बाजूला आम्ही. दुपारी गर्दी ओसरलेली. साठीच्या एक बाई, अंगावर काळा बुरखा, तोंड उघडं, हातात भाजीची पिशवी, आबांच्या टेबलाशी थांबल्या. त्यांनी रेहल उचलली आणि पहिल्यांदा उलटी केली. मागची बाजू बघितली, सांध्यावर अंगठा फिरवला.

"ही रेहल कोनी बनाडी?"

खास अहिराणी. आबा नेहमीप्रमाणे पापडांकडे बघत होते, ते दचकून वळले. "मी बनाडी."

"आन तुमले शिकाडी कोनी?"

"कासम चाचानी."

बाईंनी रेहल छातीशी धरली. "त्या मना आब्बा," त्या म्हणाल्या. "तुम्ही सुपडूभाऊ ना? आमना ओटावर बसेत, ते?"

आबा उठले तेव्हा खुर्ची मागे पडली. जुबेदा, कासम चाचांची धाकटी. गाव उठलं तेव्हा लग्न होऊन धुळ्याला आलेली. त्यानंतर दोघांची गाठ नव्हती. मग जे बोलणं सुरू झालं त्यात मला जागाच नव्हती. नदीकाठची चिंच, शाळेतले मास्तर, कुणाचा बैल कसा उधळला होता. धुळ्यात इतकी वर्षं राहून त्या बाईंनी आपली बोली जशीच्या तशी ठेवली होती. घरात आता सगळे हिंदीच बोलतात, त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा पोटभर बोलले.

आबांनी पुस्तक काढलं, पेनही काढलं. आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतःहून कुणाला फुकट द्यायला निघाले होते, आणि बाई ऐकेनात. "फुकट नही, भाऊ. इकत लिसू. आब्बानं नाव शे ना यामा?"

"बठ्ठं गाव शे, जुबेदा."

शेवटी आबांना पैसे घ्यावे लागले, मी बाईंना माझी खुर्ची दिली. सातवीपर्यंत गावच्याच शाळेत शिकलेल्या, मराठी छान वाचत होत्या. आबा चहा आणायला गेले. नव्या गावातल्या लोकांनी घर शोधायला जेवढा वेळ घेतला होता तेवढा होऊन गेला. बाई पानं उलटतच होत्या. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि पहिल्या पानापासून सुरू केलं, ओळीवर बोट ठेवून. चहा निवला. पापडवाल्या बायका आवराआवर करू लागल्या. मला कशानं कोण जाणे, धास्ती वाटू लागली.

शेवटी त्यांनी विचारलं, "सुपडूभाऊ, आमनं घर कोठे शे यामा?"

"सुतार गल्लीमा शे. आन इकडे, दखाडस." आबांनी हसत पुस्तक घेतलं. सुतार गल्ली काढली. हिरामण सुताराचं घर होतं, पिठाची गिरणी होती, कडुनिंब होता, त्यानंतर समोरच्या ओळीतलं पहिलं घर. आबांनी पान मागे केलं, पुढे केलं. त्यांचं बोट त्या दोन ओळींच्या मधे थांबलं. मग ते उगाच दुसऱ्या गल्ल्यांत शोधू लागले, तिथं ते घर नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असताना.

कासम चाचांचं घर पुस्तकात नव्हतं. ओटा होता. पानोपानी होता. 'ओट्यावर बसलं की समोर हिरामणचं दार', 'ओट्यावरून नदीचा उतार दिसायचा', 'ओट्यापाशी येऊन मास्तर थांबायचे'. आबांनी सगळं गाव तिथं बसून पाहिलं होतं आणि लिहितानाही ते मनानं तिथंच बसले होते. ज्या घराला पाठ टेकून बसले, ते तेवढं डोळ्यांपुढे आलं नाही. आणि ओटा कुणाचा, हे सांगायला हवं असं त्यांना वाटलंच नाही. ते तर सगळ्यांना माहीत होतं.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी सावकाश म्हणाल्या, "बठ्ठं गाव तुम्ही आमना ओटावर बशीसन देखं, भाऊ. ओटा कोना व्हता, तेच ऱ्हाई गयं."

आबांनी पुन्हा सुतार गल्लीचं पान काढलं.

"तुम्ही जानीसन नही सोडं, माले माहीत शे. पन वाचनाराले काय माहीत? मनी नात माले पुसस, दादी, आपन कोठलात? कॉलेजमा तिले पुसतस. मी सांगस, पन निस्तं सांगं तं कोन मानस आते? माले तिले छापेल दखाडनं व्हतं." त्यांनी पुस्तक आबांच्या हातून घेतलं, भाजीच्या पिशवीत ठेवलं. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे ते, जुबेदा, परत दे." त्या म्हणाल्या, "पैसा दिधात ना भाऊ. लई जास." आणि गेल्या.

एखाद्या दुकानातून विकलं गेलं असतं तर त्या बाईंनी ते घरी जाऊन वाचलं असतं आणि आबांना कधी कळलंही नसतं. स्वतः विकायला बसलं की वाचणाऱ्याचा चेहरा बघावा लागतो. परतीच्या बसमध्ये आबा माझ्या शेजारी बसले होते, दोन्ही पिशव्या मांडीवर घेऊन, आणि फागण्याच्या पुढे कुठंतरी त्यांना रडू फुटलं. म्हातारा माणूस रडतो तेव्हा काय करायचं ते मला कळत नाही. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी कासम चाचांचं घर लिहिलं. चार पानं. तेवढं सुंदर त्या पुस्तकात दुसरं काही नाही. छापून आणलं, खळ शिजवली, आणि घरातल्या गठ्ठ्यांतल्या प्रत्येक प्रतीत सुतार गल्लीत त्या घराच्या जागी ती पानं चिकटवली. मग विकलेल्या प्रतींच्या मागे लागले. विकताना ज्या माणसाच्या तोंडून 'हे माझं आहे' एवढं निघालं नाही, तो आता खळीचा डबा घेऊन दारोदार जाऊन सांगू लागला, "मी लिखेल पुस्तक शे तुमनाकडे. त्यामा एक घर सुटी गयं. चार पानं चिकाडनी शेतस."

कुठं पुस्तक सापडेना. कुठं सापडलं तर पहिलं पानही उघडलेलं नव्हतं. मुंबईला, सुरतेला गेलेल्या प्रतींसाठी आबांनी पानं पाकिटात घालून पाठवली, त्यांचं काय झालं ते कळलं नाही. नव्या गावात एका घरी त्यांचं पुस्तक देवघरात ठेवलेलं होतं, वर हळद-कुंकू. आपलं गाव आहे त्यात, म्हणून रोज पूजा. आबांना भरून आलं. पण पानं कुणाच्या घराची आहेत ते कळल्यावर घरची सून पुस्तक हातात देईना. "आबा, देवघरमा शे ते. त्यामा त्येस्नं कसाले?"

भटूनं चारही पानं वाचली. उभ्यानं नाही, बसून. मग म्हणाला, "सुपडू, बठ्ठास्ले चार वळी, आन त्याले चार पानं? काब?"

"तू त्यानाच ओटावर पत्ता खेळे ना रे, भटू."

"तवयनी गोट तवय. आते कसाले काढस?" आणि त्यानं पानं घडी करून आबांच्या खिशात घातली. त्या गावात आजवर आबांच्या पुस्तकावर कुणी दोन शब्द बोललं नव्हतं. आता पारावर रोज बोलणं होऊ लागलं. ज्यांनी कधी वाचलं नव्हतं त्यांचंही मत होतं. कुणीतरी आबांना सांगून पाठवलं की आता इकडे सतरंजी टाकू नका.

आबा पानं चिकटवलेली एक प्रत घेऊन जुबेदाबाईंकडे गेले. परत आल्यावर जे सांगितलं ते असं. बाईंनी पानं वाचली. डोळ्यांना पदर लावला. आब्बांच्या चष्म्याचं सूतसुद्धा आहे म्हणाल्या. मग पुस्तक आडवं धरून बाजूनं बघितलं. जुनी पानं पिवळी पडलेली, मधली चार पांढरीशुभ्र, कडेला खळीचा फुगवटा. "भाऊ, हाई तं मांगथीन चिकाडेल दखास. कोनी बी म्हनी, ह्या लोकेस्नी सोताच चिकाडं."

 आबांना जे दुरुस्त करायचं होतं ते त्यांच्या खळीनं आणखी संशयाचं झालं होतं. गठ्ठ्यातली प्रत्येक प्रत तशीच होती.

पुढच्या बाजारी आबा आले ते एकच पिशवी घेऊन. सतरंजीवर नुसत्या रेहली. पुस्तक विचारायला कधी नव्हे ते दोन माणसं आली, त्या पारावरच्या चर्चेमुळं. आबांनी दोघांनाही नाही म्हणून सांगितलं. मी म्हटलं, "अहो आबा, इतकी वर्षं याचीच वाट बघत होतात ना?" ते म्हणाले, "त्यामा एक घर कमी शे, ताई. तसं इकता येत नही." आणि मग या माणसाला विकता यायला लागलं. गिऱ्हाईकाच्या डोळ्यांत बघून बोलायचे, रेहल उघडून मिटून दाखवायचे, भावात एक रुपया सोडायचे नाहीत. नाव विचारलं की रेहलच सांगायचे, पण आता सांगून गप्प बसायचे नाहीत. कासम खरादींची कारागिरी आहे, म्हणायचे, घ्यायची तर घ्या. पहाटेपासून फळ्या तासायचे. डोळ्यांत काचबिंदू उतरला होता, डॉक्टरांनी बारीक काम बंद करायला सांगितलं होतं. मी कितीदा सांगितलं, भांडले, एकदा तर सतरंजी उचलायला निघाले. उपयोग झाला नाही. त्यांना सगळं पुस्तक नव्यानं छापायचं होतं. ते घर मधे कुठं चिकटवलेलं नको, आपल्या जागी छापलेलं हवं.

वर्ष-दीड वर्षानं ते छापून झालं. आबांनी गल्ल्यांचा क्रमच बदलला होता. पुस्तक आता कासम चाचांच्या घरापासून सुरू होत होतं. ओटा मग येत होता, आणि त्यानंतर बाकीचं गाव.

धुळ्याला मी त्यांना घेऊन गेले, कारण तोवर त्यांना एकट्यानं रस्ता ओलांडता येत नव्हता. गल्लीत एका चिंचोळ्या दारापाशी आम्ही थांबलो. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी बाहेर आली, खांद्यावर कॉलेजची बॅग, निघायच्या घाईत. तिनं आबांना सलाम केला. जुबेदाबाई आहेत का, विचारल्यावर तिचा चेहरा उतरला.

"दादी तो रमजान से पहले ही गुजर गईं. आप अंदर आइए ना."

आबा आत गेले नाहीत. उंबऱ्याशीच उभे राहिले, एका हातानं चौकट धरून. मग त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि म्हणाले, "बेटा, हे तुझ्या दादीसाठी आणलं होतं. यात तुझ्या पणजोबांचं घर आहे. हे बघ, पहिल्याच पानावर. छापलंय." इतकं शुद्ध मराठी मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकत होते. तिला समजावं म्हणून चाललं होतं.

मुलीनं अदबीनं दोन्ही हातांनी पुस्तक घेतलं, वरची चार अक्षरं लावून वाचायचा प्रयत्न केला आणि ओशाळून हसली. "मेरी मराठी थोडी कच्ची है. उर्दू मीडियम से हूँ ना." मग आठवून म्हणाली, "वो पानी में गया था वही गाँव ना? दादी बोलती रहती थीं. लेकिन हम तो धुले के ही हैं, दादाजी."

मला वाटलं, आता चलावं. मी आबांच्या कोपराला हात लावला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि उंबऱ्यावर बसले. पुस्तक तिच्याकडून परत घेतलं, डोळ्यांशी अगदी जवळ धरलं आणि वाचायला लागले. मोठ्यानं, अहिराणीत, छापलेलं मराठी आपल्या आणि जुबेदाच्या बोलीत फिरवत. दार कुठल्या दिशेला होतं, आत शिरताच लाकडाचा वास कसा यायचा, लाकूड फिरवायच्या चाकाशी कोण बसायचं, मागच्या दारी जुबेदा नावाची मुलगी भुसा गोळा करायची. गल्लीतून रिक्षा जात होत्या, आबा थांबायचे, रिक्षा गेली की पुन्हा वाचायचे. मुलीनं बॅग खांद्यावरून काढून खाली ठेवली आणि चौकटीला टेकून उभी राहिली. ती मधूनमधून मान हलवत होती. तिला काही कळत नव्हतं. ते आबांनाही दिसत होतं. त्यांनी बोट ओलं केलं आणि पान उलटलं.